मित्रमंडळींसोबत पहिला क्रूझ प्रवास : मुंबई–गोवा–लक्षद्वीपची तयारी कशी करावी?

रानजाई_नाशिक (प्रश्न)

नमस्कार. आम्ही पाच जण, तीन मैत्रिणी आणि दोन मित्र, अभियांत्रिकी महाविद्यालयापासून एकत्र आहोत. आता सगळ्यांना नोकऱ्या लागल्यावर डिसेंबरमध्ये मुंबईहून निघून गोवा आणि लक्षद्वीप करून पुन्हा मुंबईत येणाऱ्या क्रूझवर जायचे आम्ही जवळजवळ ठरवले आहे. आमची वये २३ ते २५ च्या दरम्यान आहेत आणि समुद्रप्रवासाचा आमचा सगळा अनुभव गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचपुरता आहे.

जाहिरातीत दिसणारा दर आणि प्रत्यक्ष होणारा खर्च यांत किती अंतर असते, पाच जणांनी केबिन कशा घ्याव्यात आणि सोबत काय न्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आमच्यातील एका मैत्रिणीला घाटात हमखास बस लागते, त्यामुळे तिला बोट लागेल का, याची तिच्यापेक्षा आम्हालाच अधिक काळजी वाटते. तिघींच्याही घरून परवानगी मिळाली आहे, मात्र सुरक्षिततेविषयी प्रश्न विचारले जात आहेत आणि त्यांना नीट उत्तरे देता यावीत अशी आमची इच्छा आहे.

भटकंती_ठाणे

खर्चापासून सुरुवात करतो, कारण मित्रांच्या सहलीत कुरबूर होते ती बहुधा तिथेच.

क्रूझच्या मूळ दरात साधारणपणे केबिन, मुख्य उपाहारगृहातील आणि बुफेतील जेवण, तरणतलाव व रात्रीचे बरेचसे कार्यक्रम येतात. बंदर शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांसाठी आकारली जाणारी सेवा रक्कम अनेकदा शेवटच्या पानावर जोडली जाते, म्हणून दोन कंपन्यांची किंवा दोन तारखांची तुलना करताना पहिल्या पानावरचा आकडा न पाहता पैसे भरण्याच्या आधीचा अंतिम आकडा पाहावा. मद्य, बाटलीबंद पेये, वेगळ्या उपाहारगृहातील जेवण, वायफाय, मसाज आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे बहुतेक ठिकाणी निराळे द्यावे लागतात.

जहाजावर रोख पैशांचा व्यवहार जवळजवळ नसतोच. चेक-इनच्या वेळी तुमच्या नावाचे एक खाते उघडले जाते, त्याला बँकेचे कार्ड जोडले जाते किंवा आगाऊ रक्कम भरून घेतली जाते, आणि पुढे केबिनचेच कार्ड दाखवून सगळी खरेदी होते. ही सोय आहे, परंतु हातातून नोटा जात नसल्यामुळे खर्च जाणवत नाही आणि शेवटच्या सकाळी हिशेबाच्या खिडकीपाशी रांग लागते. तुम्ही पाचही जणांनी स्वतंत्र खाती ठेवावीत आणि दुसऱ्याच्या कार्डावर काहीही मागवू नये, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. मुले ज्याला टीटीएमएम, म्हणजे ‘तुझे तू, माझे मी’, म्हणतात ती पद्धत इथे मैत्री टिकवणारी ठरते. डेबिट कार्ड जोडल्यास काही रक्कम बँकेकडून काही दिवस अडकवून ठेवली जाऊ शकते, त्यामुळे ज्या खात्यातून घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता जातो ते कार्ड देऊ नये. रोज संध्याकाळी स्वागतकक्षात किंवा केबिनमधील टीव्हीवर आपले बिल पाहता येते, ते पाहण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

केबिनच्या बाबतीत तीन आणि दोन ही विभागणी सरळ आहे. तिसऱ्या प्रवाशासाठी भिंतीतून किंवा छतातून उघडणारा वरचा बिछाना असतो आणि त्याचा दर पहिल्या दोघांपेक्षा बहुधा कमी असतो, म्हणून बुकिंगच्या वेळी तिघींची नावे एकाच केबिनवर घालावीत. वरच्या बिछान्यावर कोणी झोपायचे हे घरीच ठरवावे. स्नानगृह एकच आणि अगदी लहान असते, तेव्हा सकाळी उतरायच्या दिवशी कोणी किती वाजता आवरायचे हेही ठरलेले बरे. तुमच्यासारख्या मंडळींचा दिवसभराचा मुक्काम डेकवर असणार, त्यामुळे खिडकी नसलेली आतली, स्वस्तातली केबिन पुरेशी आहे असे मला वाटते.

एक गोष्ट नाशिककरांसाठी मुद्दाम सांगतो. पंचवटी एक्सप्रेसने त्याच दिवशी सकाळी सीएसएमटीला उतरून बॅलार्ड पिअरच्या बाजूला जाणे अंतराच्या दृष्टीने सहज शक्य आहे, पण कसारा घाटात गाडी रखडली तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. चेक-इन जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होते. आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करा.

मालवणचा_दर्यावर्दी

मी बरीच वर्षे प्रवासी जहाजांवर हाउसकीपिंग विभागात काम केले. आता मालवणातच असतो. वरच्या प्रतिसादातील हिशेबाचा भाग अतिशय योग्य आहे, केबिनबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या मैत्रिणीला बस लागते तिच्यासाठी तिघींनी थोडे अधिक पैसे घालून खिडकीची केबिन घ्यावी आणि ती जहाजाच्या लांबीच्या मध्यावर व खालच्या मजल्यांपैकी एकावर असावी. झोपाळ्याच्या टोकाला झोका मोठा आणि दांडीपाशी लहान, तसे जहाजाचे असते. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, आणि सर्वांत वरच्या मजल्यांवर हालचाल सर्वाधिक जाणवते. मुलग्यांनी खुशाल आतली केबिन घ्यावी.

आता ज्या विषयासाठी मुद्दाम लिहायला बसलो तो मांडतो. जहाजावर चढल्यावर आपत्कालीन सराव असतो आणि प्रत्येक प्रवाशाला त्यासाठी नेमून दिलेल्या जागी, म्हणजे मस्टर स्टेशनवर, हजर राहावे लागते. काही जहाजांवर आधी चित्रफीत पाहून नंतर त्या जागी जाऊन नोंद करायची असते. तरुण मंडळींच्या गटांमध्ये हा सराव चुकवून तलावावर जागा धरायला धावण्याची वृत्ती मी वर्षानुवर्षे पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी मला तिची भीती वाटली आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्ता कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ माणसे दगावली. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो २४ तासांच्या आत घेतला तरी चालत असे. त्या दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. सात छोटे आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा असतो. तो ऐकू आल्यावर सामान गोळा करू नये, लिफ्ट वापरू नये आणि मित्र दुसऱ्या मजल्यावर असेल तर त्याला शोधत फिरू नये. प्रत्येकाने आपापल्या मस्टर स्टेशनवर जायचे. तुमच्या दोन केबिन दोन वेगळ्या स्टेशनांना जोडलेल्या असू शकतात, हे पाचही जणांना पहिल्याच दिवशी ठाऊक असले पाहिजे. सराव झाल्यावर केबिनपासून जिन्यापर्यंतचे दरवाजे मोजून ठेवा, कारण धुरात किंवा अंधारात मोजलेले दरवाजेच उपयोगी पडतात.

जहाजावर आगीइतके दुसऱ्या कशाचे भय आम्हाला नसते. म्हणूनच इस्त्री, विजेची किटली, पाणी तापवायचा रॉड, मेणबत्त्या आणि उदबत्त्या तपासणीत काढून घेतल्या जातात, तेव्हा केबिनमध्ये मॅगी करण्याचा बेत घरीच सोडून द्यावा. सिगारेटचे थोटूक कठड्यावरून खाली टाकू नये. वाऱ्याने ते खालच्या मजल्यावर परत येते आणि तिथे सुकायला टाकलेला टॉवेल पेटायला तेवढे पुरते. कठड्यावर बसणे, त्यावर चढून छायाचित्र काढणे किंवा एका बाल्कनीतून दुसऱ्या बाल्कनीत जाणे यांपैकी काहीही कोणी करू लागले तर मैत्रीचा संकोच न बाळगता त्याला खाली ओढावे. दुर्दैवाने कोणी पाण्यात पडलेच तर एकाने जोरजोराने ओरडत जवळची लाइफबॉय, म्हणजे पाण्यावर तरंगणारे कडे, फेकावी आणि एकाने त्या माणसावरची नजर क्षणभरही न हटवता बोटाने त्याची दिशा दाखवत उभे राहावे. जहाज वळून येईपर्यंत लाटांमध्ये माणसाचे डोके दिसेनासे होते आणि त्या बोटावरच शोध अवलंबून असतो.

सामानाची मोठी बॅग चेक-इनला दिल्यावर ती केबिनपाशी पोहोचायला संध्याकाळही होऊ शकते. ओळखपत्र, औषधे, पोहण्याचे कपडे, चार्जर आणि एक बदलायचा जोड पाठीवरच्या पिशवीत ठेवावा.

जाता जाता माझ्या जुन्या सहकाऱ्यांसाठी एक विनंती. जहाजावरच्या कर्मचाऱ्याला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दिवसाला किमान १० तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती मिळायला हवी, यावरून उरलेले तास कामाचे असू शकतात हे तुमच्या लक्षात येईल, आणि हे अनेक महिने घरापासून दूर राहून, आठवड्याच्या सुटीशिवाय चालते. केबिन आवरणाऱ्या माणसाला नावाने हाक मारा, ओले टॉवेल एका जागी ठेवा आणि तो केबिनमध्ये कोणत्या वेळी आला तर तुम्हाला सोयीचे आहे ते त्याला सांगा. एवढ्याने त्याचा दिवस हलका होतो.

वैद्य_सांगलीकर

मी डॉक्टर आहे, म्हणून बोट लागण्यापुरते लिहिते.

आपल्या आतल्या कानाला शरीराची हालचाल कळत असते आणि त्याच वेळी डोळ्यांना केबिनच्या स्थिर भिंती दिसत असतात. या दोन संदेशांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. बस लागणाऱ्या व्यक्तीला बोट लागण्याची शक्यता जास्त असते, तरी मोठे जहाज शांत समुद्रात घाटातल्या बसइतके हलत नाही, हा दिलासा तुमच्या मैत्रिणीला जरूर द्यावा. मेक्लिझिन, सिनारिझिन आणि प्रोमेथाझिन ही औषधे आपल्याकडे यासाठी वापरली जातात. अनेक घरांत माहीत असलेली एव्होमिनची गोळी प्रोमेथाझिनचीच असते. ही औषधे मळमळ सुरू होण्याआधी घेतली तरच नीट काम करतात. एकदा उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. त्यांच्यामुळे झोप येते, काहींना खूपच येते, आणि मद्यासोबत ती घेणे धोक्याचे आहे, हे पाचही जणांनी लक्षात ठेवावे, कारण आग्रह करणारे मित्रच असतात. आपल्या डॉक्टरांना दमा, काचबिंदू, चालू असलेली इतर औषधे यांविषयी सांगून, शक्य असल्यास प्रवासाआधी एखाद्या सुटीच्या दिवशी घरीच एक गोळी घेऊन ती कितपत झोप आणते ते पाहावे.

औषधाशिवायही बरेच करता येते. डेकवर मोकळ्या हवेत, जहाजाच्या मध्याजवळ उभे राहून क्षितिजाकडे पाहावे, मोबाइल बाजूला ठेवावा, पोट रिकामे ठेवू नये आणि तेलकटही खाऊ नये. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना खरोखर आराम पडतो.

दुसरी बाब बुफेची. बंदिस्त जागेत पोटाचा संसर्ग, विशेषतः नोरोव्हायरसचा, फार वेगाने पसरतो आणि त्यावर सॅनिटायझर फारसे परिणामकारक नसते. जेवणापूर्वी आणि शौचालयानंतर साबणाने व्यवस्थित हात धुणे हाच उपाय आहे. कोणाला जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या तर सहल बुडेल या भीतीने ते लपवू नये, जहाजावरच्या दवाखान्यात कळवावे. तिथली तपासणी सशुल्क असते, म्हणून प्रवास विमा काढताना तो समुद्रप्रवासाला लागू आहे ना, हे पाहून घ्यावे.

रानजाई_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. दरवाजे मोजून ठेवण्याची सूचना मी लगेच आमच्या गटात पाठवली. आता दोन शंका उरल्या आहेत. जहाजावर मोबाइल चालला नाही तर पाच जणांनी एकमेकांना शोधायचे कसे? आणि गोव्यात सकाळी उतरून संध्याकाळी परतायचे असेल तर बागा-कळंगुटला जाऊन यावे का?

वास्कोकर

बागा-कळंगुटचा विचार मनातून काढून टाकावा.

क्रूझ लागते ती मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोजवळ, दक्षिण गोव्यात. हे मुख्यतः मालवाहतुकीचे बंदर असल्याने आत पायी हिंडता येत नाही. पणजी सुमारे ३० किलोमीटर आहे आणि कळंगुट त्याच्याही पुढे. जुवारीवरचा नवा पूल झाल्यापासून रस्ता पुष्कळ सुधारला असला तरी डिसेंबरातील पर्यटकांच्या गर्दीत परतीची वेळ कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. ओला आणि उबर गोव्यात चालत नाहीत. स्थानिक टॅक्सी किंवा गोवामाइल्सचे ॲप वापरावे, भाडे आधी ठरवावे आणि तीच टॅक्सी परतीसाठीही बांधून ठेवावी. पाच प्रवासी आहात, त्यामुळे मोठी गाडी सांगावी लागेल.

वेळ मोजकाच असेल तर बोगमाळोचा किनारा आणि त्याच्या वाटेवरचे नौदलाचे विमान संग्रहालय हा अर्ध्या दिवसाचा सुंदर बेत होतो, आणि आमच्या वास्कोच्या बाजारात चांगले जेवण मिळते. पूर्ण दिवस हाती असेल तर जुने गोवे पाहावे, परंतु ३ डिसेंबरला तिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते आणि त्या दिवसांत रस्ते माणसांनी भरून जातात. फेस्त अनुभवण्याची इच्छा असेल तर वेगळी सवड काढून या, जहाजाच्या वेळेत ते बसवू नका. परत चढण्याची जी वेळ दिली जाते ती जहाज सुटण्याच्या आधीची असते. तिच्या किमान दीड-दोन तास आधी तुम्ही वास्कोत पोहोचलेले असावे. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर सामान्यतः तिची वाट पाहिली जाते, स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशांची पाहिली जात नाही.

अनुराधा_मुलुंड

मैत्रिणींच्या घरून विचारले जाणारे प्रश्न मला ओळखीचे आहेत आणि ते योग्यच आहेत, म्हणून या भागाविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

किनारा दूर गेला की मोबाइलचे नेटवर्क जाते. त्यानंतर फोनवर एखादे सागरी नेटवर्क दिसू लागले तर ते उपग्रहामार्फत चालणारे आणि अतिशय महाग असते, त्यामुळे बंदर सोडताना फोन फ्लाइट मोडवर टाकणे आवश्यक आहे. घरच्यांना निघण्यापूर्वीच सांगावे की अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत आमचा फोन लागणार नाही. त्यांना जहाजाचे नाव, केबिनचे क्रमांक आणि कंपनीचा संपर्क क्रमांक लिहून द्यावा. हे न सांगितल्याने घरी उगाच घबराट पसरते. जहाजावर एकमेकांना शोधण्यासाठी ठरावीक जागा आणि ठरावीक वेळा हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे: दुपारच्या जेवणापूर्वी एकदा, संध्याकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा पाचही जणांनी एका ठरलेल्या जिन्यापाशी भेटावे. केबिनच्या दारावर चिकटवायच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. एका केबिनमधून दुसरीत बोलायला आतला दूरध्वनी असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. बाकीच्या वेळात प्रत्येकाला हवे तिथे जाऊ द्यावे. चोवीस तास पाच जणांनी एकत्रच हिंडले पाहिजे असा हट्ट धरला की दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांवर वैतागतात.

रात्रीचे मात्र नियम हवेत आणि ते मुलग्यांनाही तितकेच लागू असावेत. संगीताच्या कार्यक्रमाला जाताना जितके जण गेले तितके परत आले पाहिजेत, आणि कोणाला आधी झोपायला जायचे असेल तर दुसऱ्याने दारापर्यंत सोबत करावी. आपला प्याला टेबलावर सोडून नाचायला जाऊ नये आणि परत आल्यावर तोच प्याला उचलू नये. केबिनचा क्रमांक नव्याने ओळख झालेल्या कोणालाही सांगू नये. ओळख करून घ्यायला, गप्पा मारायला तलावाचा काठ आणि उपाहारगृह आहेच. कोणी त्रास दिला, पाठलाग केला किंवा नकोसा स्पर्श केला तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये. स्वागतकक्ष रात्रभर उघडा असतो, जहाजावर सुरक्षारक्षक असतात आणि सार्वजनिक जागांवर कॅमेरेही असतात. तक्रार लेखी द्यावी व तिची प्रत मागावी. ‘सहल खराब होईल’ म्हणून गप्प बसायला सांगणारा मित्र त्या क्षणी मित्रासारखा वागत नसतो, आणि हे तुम्ही पाचही जणांनी निघण्यापूर्वी एकमेकांशी उघडपणे बोलून घेतले पाहिजे असे मला फार तीव्रतेने वाटते.

न पिणाऱ्याला आग्रह करू नये, हेही त्याच बोलण्यात येऊ द्या.

मालवणचा_दर्यावर्दी

लक्षद्वीपविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून पुन्हा येतो.

तिथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर, खोल पाण्यात ते थांबते आणि प्रवाशांना लहान बोटींनी बेटावर नेले जाते. जहाजातून बोटीत उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून मोबाइल आणि कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून पाठीवर ठेवावा. पायात मागे पट्टा असलेल्या सपाता घालाव्यात, कारण साध्या चपला तिथे हमखास पाण्यात जातात. खलाशी हात देतो तेव्हा त्याचा पंजा न धरता मनगट धरावे आणि बोट लाटेवर वर येईल त्या क्षणी तो सांगेल तेव्हाच पाऊल टाकावे. तुमच्या मैत्रिणीला खरी परीक्षा वाटली तर ती या लहान बोटीतच वाटेल, तेव्हा तिच्या गोळीची वेळ त्यानुसार डॉक्टरांना विचारून ठरवावी.

समुद्र खवळलेला असेल तर कप्तान बेटावर उतरणे रद्द करतो. डिसेंबर हा एरवी चांगला महिना असला तरी २०१७ मध्ये ओखी वादळ याच दिवसांत लक्षद्वीपला धडकले होते. मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीने अटींमध्ये राखून ठेवलेला असतो आणि बेट चुकले तर पूर्ण पैसे परत मिळतातच असे नाही, म्हणून ती अट बुकिंगपूर्वी पाचही जणांनी वाचावी. कप्तानाने नाही म्हटले की त्यावर वाद घालू नये.

लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो बहुधा क्रूझ कंपनीमार्फत काढला जातो, तरी त्यासाठी कोणती कागदपत्रे कधी द्यायची ते आधीच विचारावे आणि पाचही जणांची नावे ओळखपत्रावर आहेत अगदी तशीच भरावीत. वस्तीच्या बेटांवर मद्यबंदी आहे, जहाजावरची बाटली पिशवीत टाकून खाली नेऊ नये. तिथला समाज मुस्लिम आणि साध्या राहणीचा आहे, त्यामुळे पोहण्याच्या कपड्यांवर गावातून फिरू नये, आणि बायकांची छायाचित्रे न विचारता काढू नयेत. उथळ पाण्यात प्रवाळावर उभे राहू नये. दगडासारखा दिसणारा तो थर जिवंत असतो आणि एका पावलाने मोडलेला भाग भरून यायला वर्षे जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्रवाळाला संरक्षण आहे, म्हणून किनाऱ्यावर पडलेला पांढरा तुकडासुद्धा उचलून आणू नये. परतताना सामानाची तपासणी होते.

पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला पोहता येते का, हे खरे खरे सांगा. ज्याला येत नाही त्याने प्रवाळाच्या कड्याआतले पाणी कितीही उथळ दिसले तरी लाइफ जॅकेट काढू नये, आणि ज्याला येते त्याने त्याच्याजवळ राहावे.